मोठ्यांचे जग, मुलांचा रंगमंच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या माणसांच्या जगाची गंमत करणारी बालनाटके मी आवर्जून पाहतो. त्यांतल्या एका खटकणाऱ्या गोष्टीबद्दल हे पत्र लिहीत आहे.

नुकत्याच पाहिलेल्या एका प्रयोगात बाबांची भूमिका करणारा नट कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होता आणि मुलीने हाक मारली की तिच्याकडे न बघताच पंजा वर करून ‘पाच मिनिटं!’ म्हणत होता. तिसऱ्या खेपेला त्याने पंजा उचलायच्या आतच प्रेक्षागृहातली सगळी पोरे ‘पाच मिनिटं!’ असे एका सुरात ओरडली. मागच्या रांगेतून कुणीतरी त्यांना दटावले, याचे वाईट वाटले. कारण तो दंगा नव्हता, नाटक पोचल्याची ती पावती होती. दुर्दैवाने शेवटच्या दहा मिनिटांत लेखकानेच कच खाल्ली. मोठ्यांना किती कामे असतात हे त्या मुलीला समजावण्यात आले, तिने बाबांची माफी मागितली आणि समोर चुळबूळ सुरू झाली. तासभर जी मुले नाटकात होती, ती एकाएकी वर्गात येऊन बसली.

मुलांना कमी लेखल्यामुळे हे होते, असे मला वाटते. बर्लिनमध्ये १९६६ साली सुरू झालेल्या आणि पुढे ‘ग्रिप्स’ या नावाने जगभर गाजलेल्या नाट्यचळवळीने परीकथा बाजूला ठेवून घरातले, शाळेतले, रस्त्यावरचे खरे प्रश्न विनोदाने आणि गाण्यांनी मुलांपुढे मांडले. मुलांच्या भूमिकाही तिथे मोठे नटच करतात आणि त्या बोबडे न बोलता, लाडिक न होता करतात. मराठीतही ही नाटके झाली, ती पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. मोठा नट लहान झाला की मोठ्यांचे वागणे खालून, मुलाच्या उंचीवरून दिसू लागते: उत्तर माहीत नसले की चढणारा आवाज, पाहुण्यांसमोर बदलणारा चेहरा, ‘मी सांगतो म्हणून’ हे एकमेव कारण. यात मोठ्यांचा अपमान कुठेच नाही. उलट बाबाही घाबरतात, आईही थकते, हे मुलांना अशा खेळातूनच उमगते, आणि ते उपदेशाने उमगत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने खेळण्याचा आणि सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क मुलांना दिला आहे. दरवर्षी २० मार्च हा जागतिक बाल व युवा रंगभूमी दिनही असतो. तेव्हा लेखक-दिग्दर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी शेवट मुलांच्या हातून काढून घेऊ नये. आणि आपल्या वृत्तपत्राने बालनाट्यांची परीक्षणे नियमितपणे छापावीत. ‘सहकुटुंब पाहावे असे’ एवढ्या एका ओळीवर त्यांची बोळवण करू नये.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक