मंत्रिमहोदय, आमच्या तुरीचा कागद कुठे अडला?

मा. कृषिमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी मी 11 क्विंटल तूर बाजार समितीत विकली. हर्रासात भाव लागला क्विंटलला 6,800. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 8,000, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण माझं दुखणं हमीभावाचं नाही. ही तूर बाजार समितीत जाणारच नव्हती. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने ती 9,500 ने ठरवून ठेवली होती. अट एकच, पीजीएसचं, म्हणजे शेतकरी गटाच्या आपसातल्या तपासणीवर मिळणारं, सेंद्रिय प्रमाणपत्र. ते आलं नाही, त्याने दोन महिने वाट पाहिली आणि फोन उचलणं बंद केलं. तीन वर्षं औषधाचा थेंब न मारता पिकवलेली माझी तूर हमालांनी माझ्या डोळ्यांदेखत चार फवारण्या झालेल्या तुरीच्या ढिगात ओतली. 29,700 रुपये गेले. हमाली, तोलाई वेगळी.

आमचा 14 जणांचा गट आहे, वाशीम जिल्ह्यातला, बहुतेक सगळे तिशीच्या आतले. पीजीएसमध्ये गटानेच एकमेकांची तपासणी करायची असते. ती आम्ही केली. एकमेकांच्या बांधावर गेलो, नोंदवह्या भरल्या, सह्या केल्या. वरून फक्त मंजुरी यायची होती. तालुक्याच्या मेळाव्यात एका बड्या साहेबांनी माइकवर सांगितलं होतं की तीन महिन्यांत प्रमाणपत्रं हातात पडतील. आमच्या गळ्यात शेले घातले, फोटो काढले. त्याला आता 19 महिने झाले. कधी साइट चालत नाही, कधी ऑपरेटरची बदली झालेली असते, आणि आता तर फाइलच सापडत नाही. शेला मात्र घरी आहे. आई त्याने गव्हाची कोठी झाकते.

रागावू नका, पण हे तीन वर्षांचं काम काय असतं ते कोणी तुम्हाला सांगितलंय का? खताच्या जागी जीवामृत करायचं: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. अंगाला असा वास चिकटतो की बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते. पहिल्या वर्षी सोयाबीन एकरी 3 क्विंटल झालं, बांधापलीकडे 7. आई म्हणाली, "बापा, एक पोतं युरिया टाक ना, कोण पाहून राहिलं?" त्याच वर्षी तिची गळ्यातली पोत बँकेत गहाण गेली, ती अजून तिथेच आहे. लग्नाची दोन स्थळं आली. एका मुलीच्या मामाने विचारलं, "म्हणजे खतसुद्धा परवडत नाही का तुम्हाला?"

(त्यांचा तरी काय दोष? खात्याचे लोकसुद्धा आमच्या शेतात आले की आधी तणच पाहतात.)

आता हिशेब बघा. राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, रक्कम 2,481 कोटी, एक कोटी शेतकऱ्यांसाठी. प्रोत्साहन एकरी 4,000 रुपये वर्षाला, तेही एका एकरापुरतं, दोन वर्षं. दिवसाला 11 रुपये पडतात. आमच्या स्टँडवर एक कटिंग चहा येतो. आणि रासायनिक खताचं अनुदान? एकाच वर्षाला दीड लाख कोटींच्या वर. 45 किलोचं युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं, बाकीचा भार सरकार उचलतं. त्या पोत्यासाठी कोणाला तीन वर्षं नोंदवही भरावी लागते? अंगठा लावला की पोतं खांद्यावर. विष विकायला परवाना एकदा काढला की झालं. विष नाही हे मात्र आम्ही पुन्हा पुन्हा सिद्ध करायचं.

भाषणात तुम्ही लोक सिक्कीमचं नाव घेता. ते राज्य 2016 मध्ये सेंद्रिय जाहीर झालं, ठीक आहे. श्रीलंकेने 2021 मध्ये एका फटक्यात रासायनिक खत बंद केलं आणि काही महिन्यांत माघार घेतली, तेही आम्हाला ठाऊक आहे. तसं काही आम्ही मागत नाही. ब्राझीलकडे बघा. तिथे 2009 च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावरच खर्च करायचा असं ठरवलं. आमच्या गावच्या शाळेत पोषण आहाराची तूरडाळ ठेकेदाराच्या ट्रकमधून येते. शाळेच्या कुंपणाला लागून माझं शेत आहे. पोरं मधल्या सुट्टीत माझ्या तुरीच्या हिरव्या शेंगा तोडून खातात, आणि ताटात वरण कुठल्या तरी गोदामातल्या डाळीचं!

खरं तर सगळी व्यवस्थाच अशी आहे, साहेब. 2023 मध्ये ज्वारी-बाजरीचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, ज्वारीला श्री अन्न म्हणून झालं, आणि आमच्या रेशनच्या दुकानात अजून गहू-तांदूळच. देशी बियाणं राखणाऱ्या राहीबाई पोपेरेंना पद्मश्री मिळाली, आम्हाला फार आनंद झाला. पण कृषी सेवा केंद्रात देशी तुरीचं बी मागा, पोरगं कंपनीच्या पाकिटांची माळ दाखवतं. जगभरातल्या तरुणांनी निसर्गाच्या शेतीकडे वळावं असं परिषदांमध्ये ठरतं म्हणे. आम्ही वळलो की. आमच्या गावात चाळिशीच्या आतले, पूर्ण वेळ शेती करणारे मी मोजले. 23 भरले, एखादा सुटला असेल. त्यातले चौघे आमच्या गटाचे. मंगळवारनंतर त्यातल्या एकाने पुण्यात गोदामात काम बघितलंय.

मागणं दोनच. आमची 14 प्रमाणपत्रं खरिपाच्या आधी द्या, किंवा का देत नाही ते लेखी द्या. आणि शाळेची डाळ एक वर्ष आमच्याकडून घेऊन बघा, बाजारभावाने घ्या, जास्त नको.

सोमवारी मी पुन्हा कार्यालयात जाणार आहे. सापडत नसलेल्या फाइलची झेरॉक्स काल चौथ्यांदा काढली. 62 पानं, पानाला दोन रुपये.

आपला,
एक तूर उत्पादक, जि. वाशीम