पेट्रा बँकेचं प्रकरण वाचताना

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तपासणी विभागात रुजू होतेस, तर सद्दामचे विरोधक इराकी नेते अहमद चलबी यांच्या पेट्रा बँकेचं प्रकरण आधी वाच. चलबी म्हटलं की 2003 चं इराक युद्ध आठवतं, पण आपल्या कामाचा भाग त्याआधीचा, जॉर्डनची राजधानी अम्मानमधला.

घराणं बगदादचं, शिया, गडगंज. 1958 ला राजेशाही उलथली आणि ही मंडळी परागंदा झाली. चलबींनी शिकागोत गणिताची पीएच.डी. केली, बैरूतला शिकवलं आणि 1977 मध्ये अम्मानला पेट्रा बँक काढली. ती जॉर्डनमधल्या बड्या बँकांत जाऊन बसली. शिवाय जिनिव्हा आणि बैरूतमध्ये घरच्याच वित्तसंस्था होत्या. ही गोष्ट विसरू नकोस.

1988-89 मध्ये जॉर्डनचं चलन, दिनार, कोसळलं. तिथल्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर नाबुल्सी यांनी हुकूम काढला की प्रत्येक बँकेने परकीय चलनाचा ठरावीक हिस्सा मध्यवर्ती बँकेत जमा करावा. पेट्राला ते जमेना. ऑगस्ट 1989 मध्ये सरकारने बँक ताब्यात घेतली, चलबी देश सोडून गेले. आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण कंपनीच्या तपासणीत मालमत्ता सुमारे 20 कोटी डॉलरने फुगवलेली निघाली. त्यात बुडीत कर्जं होती, परदेशी बँकांतल्या आधार नसलेल्या शिलका होत्या, आणि येणं दाखवलेली पण कुठेच न सापडलेली रक्कमही होती.

कर्ज बुडणं कुठेही घडतं. तुझं लक्ष हवं शिलकांवर. परदेशी बँकेला शिल्लक विचारणारं पत्र तू स्वतः टाक, पत्ता फाइलमधला घेऊ नकोस, उत्तर थेट तुझ्याकडे येऊ दे. फक्त आकडा विचारून भागत नाही. त्या रकमेवर बोजा आहे का, तिच्या तारणावर दुसऱ्या कुणाला कर्ज दिलंय का, हेही विचार. नंतर वर्षअखेरीच्या पुढच्या पंधरवड्याचा उतारा काढ, कारण 30 डिसेंबरला आलेले पैसे 3 जानेवारीला परत गेलेले सापडतात. समोरची बँक त्याच घरातली असेल तर तिच्या सही-शिक्क्याला फारशी किंमत देऊ नकोस. तिथे शिलकेचा काही भाग तिसऱ्या, परक्या बँकेत वळवायला सांग. नाबुल्सींच्या हुकमाने, कळत-नकळत, नेमकं हेच झालं: कागदावरचे डॉलर पाठवता येत नाहीत.

एप्रिल 1992 मध्ये जॉर्डनच्या लष्करी न्यायालयाने चलबींना त्यांच्या गैरहजेरीत 22 वर्षं सक्तमजुरी ठोठावली. सद्दामच्या दबावामुळे आपल्याला गोवलं, असं ते 2015 मध्ये मरेपर्यंत म्हणत राहिले. गैरहजेरीतला लष्करी खटला मलाही भक्कम वाटत नाही. पण ताळेबंदातला खड्डा न्यायालयाने पाडलेला नव्हता. म्हणून टिपण लिहिताना लेखापरीक्षकांना काय सापडलं ते एका परिच्छेदात घे, निकाल दुसऱ्यात, आणि राजकारण शेवटी, दोन ओळींत.

पहिल्या तपासणीत परकीय चलन विभाग मिळाला तर कळव. ताळमेळाच्या तक्त्यात 90 दिवसांहून जुन्या नोंदी कशा वेगळ्या काढायच्या, ते पुढच्या पत्रात लिहितो.

तुझे,
बाबा