तंबाखू नव्हे, ‘मिशरी’ म्हणून विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ मे जवळ आला की जागतिक तंबाखूविरोधी दिनाचे लेख येतात आणि त्यांच्याबरोबर हातात सिगारेट धरलेल्या गरोदर बाईचे चित्र छापले जाते. महाराष्ट्रातल्या फार थोड्या बायकांना ते चित्र लागू पडते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या १.४ टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या निघाल्या. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. या दुसऱ्या आकड्यात मिशरीचा वाटा मोठा आहे. कुणी तिला मशेरी म्हणते, कुणी मिश्री. सकाळी मोरीपाशी डबीतली चिमूट बोटावर घ्यायची, दात-हिरड्यांना घासायची, थोडा वेळ तोंडात धरायची आणि चूळ भरायची. घरातल्या हिशेबात हे दात घासणे असते, व्यसन नव्हे.

म्हणून आरोग्य केंद्रात गरोदर बाईचे नाव नोंदवताना ‘‘तंबाखू खाता का?’’ असे विचारले की ‘‘नाही’’ असे उत्तर येते. बाई खोटे बोलत नसते. ती तंबाखू खात नाही, मिशरी लावते. प्रश्न चुकला की पुढचा सगळा सल्ला चुकतो, आणि आमचे म्हणणे मुख्यतः याच एका प्रश्नाबद्दल आहे.

मिशरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून पूड केलेला तंबाखू. भाजल्याने निकोटीन संपत नाही, उलट जळक्या तंबाखूतली घातक रसायने तिच्यात वाढतात. भाजताना उठणारा धूर घरातल्या गरोदर सुनेच्या आणि लेकरांच्या छातीत जातो तो वेगळाच. हिरड्यांवर चोळलेले निकोटीन तोंडाच्या मऊ त्वचेतून रक्तात शिरते, तिथून वारेतून (प्लासेंटातून) पलीकडे बाळाकडे जाते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेला मिळणारे रक्त कमी होते. बाळाचे अन्न आणि प्राणवायू त्याच वाटेने येतात. शिवाय गरोदरपणात शरीर निकोटीन नेहमीपेक्षा लवकर बाहेर टाकते, त्यामुळे तलफही लवकर येते. आधी चार वेळा लावणारी बाई सहा वेळांवर कधी गेली हे तिलाही कळत नाही.

याचे मोजमाप आपल्याच राज्यात झाले आहे. मुंबईतल्या १,२१७ स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिशरी आणि तत्सम तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी सहा दिवस अगोदर झाली. १०५ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटते. पण आपल्याकडे कितीतरी बाळे अडीच किलोच्या रेषेच्या आसपासच जन्मतात. तिथे एवढाच फरक बाळाला रेषेखाली ढकलायला पुरतो. अडीच किलोखालचे बाळ लवकर गार पडते, दूध ओढताना दमते, जंतुसंसर्गाला लवकर बळी पडते. त्याच गटातल्या स्त्रियांवरील २००६ च्या निबंधात मृत बाळ जन्माला येण्याचे प्रमाण तंबाखू वापरणाऱ्यांत ८.९ टक्के होते, न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के.

बायका गरोदरपणात मिशरी का सोडत नाहीत, उलट काही जणी याच काळात का धरतात, हे समजून घेतल्याशिवाय ‘सोडा’ म्हणण्यात अर्थ नाही. पहिल्या तिमाहीत मळमळते, तोंडाला चव नसते. संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, घासताना रक्त येते. ते थांबावे म्हणून बाई आणखी मिशरी चोळते. मग केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात. त्यांनी शौचाला घट्ट होते, आणि मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही हा तिचा जुना अनुभव असतो. म्हणजे आपणच दिलेल्या गोळीचा त्रास ती मिशरीने निस्तरते. ‘बाळ लहान राहिले तर सुटका सोपी’ ही समजूतही अजून आहे. ती पुरती चुकीची आहे. वाढ खुंटलेल्या बाळाला कळांचा ताण सोसत नाही.

तेव्हा आधी या तीन तक्रारींवर उपाय द्यावा. मळमळीला अंथरुणातून उठण्याआधी भाकरीचा कोरडा तुकडा किंवा मूठभर कुरमुरे, दिवसभर थोडे थोडे खाणे, आणि तरी उलट्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांकडून गोळी. हिरड्यांसाठी मऊ ब्रश, साधी पेस्ट आणि पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा गुळण्या; रक्त थांबले नाही तर दंतवैद्य. गरोदर बाईचे दात तपासू नयेत हा गैरसमज आहे, चौथ्या ते सहाव्या महिन्यात उपचार निर्धास्त करता येतात. शौचासाठी भरपूर पाणी, पालेभाजी, रात्री पाण्यातून इसबगोल. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. पोटाला सोसत नसेल तर जेवणानंतर घ्यावी, पण बंद करू नये.

आता तो प्रश्न. ‘‘मिशरी लावता का? दिवसातून किती वेळा? पहिली उठल्या उठल्या लागते का?’’ असा विचारावा, आणि सासू शेजारी बसलेली असताना विचारू नये. आशाताई घरी जाते तेव्हा तीच चूक होते. वजनाच्या काट्यापाशी किंवा रक्तदाब घेताना बाई एकटी सापडते. उत्तर आकड्यात लिहावे, ‘५ वेळा’ असे, आणि प्रत्येक भेटीत पुन्हा विचारावे. गरोदर स्त्रीला पहिल्या आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तंबाखूबद्दल, तसेच घरातल्या धुराबद्दल विचारावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितले आहे. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली तर उत्तमच. सिगारेटवरच्या अभ्यासात पंधरा आठवड्यांपूर्वी सोडणाऱ्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या आणि खुरटलेल्या बाळांचे प्रमाण न ओढणाऱ्यांइतकेच दिसले. सातव्या महिन्यात सोडली तरी उपयोग होतो, कारण बाळाचे बहुतेक वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरते.

मिशरी एका दिवसात बंद करता येते, त्यात बाळाला धोका नाही. पहिले तीन दिवस जड जातात: डोके दुखते, चिडचिड होते, झोप बिघडते. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटांची असते; तेवढा वेळ घोट घोट पाणी, बडीशेप किंवा लवंग, हाताला काम. सकाळची पहिली सर्वांत अवघड, म्हणून डबी मोरीतून उचलून घराबाहेर गेली पाहिजे आणि ब्रश त्याच जागी आला पाहिजे. मिशरीऐवजी सुपारी नको, तंबाखू असलेले दंतमंजन तर नकोच. अशा मंजनांवर १९९२ पासून बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. आठवडी बाजारात सुट्या मिशरीच्या पुड्या तरीही मिळतात, त्यांवर धोक्याचे चित्र नसते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

दोष कुणाचा, हेही बोलायला हवे. नवरा खोलीत बिडी ओढतो, सासू अंगणात मिशरी भाजते, आणि जाब एकट्या सुनेला विचारला जातो. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो. खिडकी उघडून तो प्रश्न सुटत नाही. सोलापूर-सिन्नरकडच्या बिडी वळणाऱ्या बायकांच्या तर हातांच्या कातडीतूनच निकोटीन आत जाते. त्यांना ‘व्यसन सोडा’ सांगून भागत नाही, गरोदरपणात दुसरे काम द्यावे लागते. रागावणे, सर्वांसमोर नाव घेणे, योजनेचे पैसे अडवू अशी धमकी देणे या गोष्टी नैतिकदृष्ट्या चूक आहेतच, शिवाय त्यांनी बाई पुढच्या वेळी लपवते किंवा तपासणीलाच येत नाही. अमेरिकेत चार्ल्सटनच्या सरकारी रुग्णालयाने गरोदर स्त्रियांच्या लघवीची संमतीविना अमली पदार्थांसाठी तपासणी करून पोलिसांना कळवले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले.

मिशरी एका दिवसात बंद करता येते; गर्द (ब्राउन शुगर) किंवा अफूच्या इतर प्रकारांचा नियम मात्र उलटा आहे. ते अचानक बंद केल्यास गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच गुदमरू शकते. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध द्यावे लागते आणि जन्मानंतर पहिले काही दिवस बाळावर लक्ष ठेवावे लागते: कर्कश रडणे, थरथर, दूध न ओढणे. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यातले ६४-अ कलम स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला थोड्या प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण देते. हे भीतीपोटी दवाखाना टाळणाऱ्या बाईपर्यंत पोहोचलेच पाहिजे.

आता एका निसटत्या दुव्याबद्दल. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. सासरी महत्प्रयासाने सुटलेली मिशरी माहेरच्या मोरीत, आईच्या डबीत, तिची वाट पाहत असते. बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यात जागरणाने ती परत सुरू होण्याचा धोका सर्वांत जास्त. निकोटीन दुधातून बाळाला जाते, तरी म्हणून अंगावरचे पाजणे बंद करायचे नाही. मिशरी बंद करायची. यासाठी सासरच्या आशाताईने माहेरच्या गावच्या आशाताईला फोनवर तीनच गोष्टी सांगाव्यात: दिवसातून किती वेळा होती, कोणत्या तारखेला सोडली, आणि माहेरी आणखी कोण कोण लावते.

आपले,
ग्रामीण आरोग्यसेवेतील काही डॉक्टर व परिचारिका