धावत्या समालोचनाला नुसता आवाज पुरत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीतला अमेरिकी कॉलेज सामन्यांच्या समालोचकांवरचा लेख मी इथं नॉर्थ कॅरोलायनात ई-पेपरवर वाचला. मराठी वर्तमानपत्रानं या विषयाला अर्धं पान दिलं याचा फार आनंद झाला. पण ‘भारदस्त आवाज ही पहिली अट’ आणि ‘संधी भरपूर’ ही त्यातली दोन विधानं मला मुळीच पटली नाहीत. त्यांच्यावर विसंबून एखादी मुलगी किंवा मुलगा आवाजाच्या वर्गाला पैसे भरून बसेल, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी व्यवसायानं स्पीच थेरपिस्ट, आता निवृत्त. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करण्यात आयुष्य गेलं. आवाज वेगळा आणि भाषा वेगळी, हे मी रोज पाहिलं आहे. ठणठणीत आवाजाचा माणूस समोरच्या घड्याळाला घड्याळ म्हणू शकत नाही, आणि घसा बसलेली बाई अख्खी गोष्ट ओघात सांगून जाते. समालोचकाचं काम यातल्या दुसऱ्या गोष्टीवर उभं आहे.

१९७९ साली लग्न होऊन इथं आले तेव्हा मला बास्केटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. तो मला रेडिओनं शिकवला. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे सामने तेव्हा वुडी डरहम सांगत. १९७१ पासून २०११ पर्यंत, चाळीस वर्षं, अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्हींचा तोच एक आवाज. टीव्हीवर सामना लावायचा, टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि शेजारी डरहम यांचा रेडिओ सुरू ठेवायचा, अशी इथल्या घराघरांत पद्धत होती. पुढे डिजिटल प्रक्षेपण आलं आणि टीव्हीचं चित्र रेडिओच्या मागे पडायला लागलं. चेंडू बास्केटमध्ये गेल्याचं आधी कानाला कळे, डोळ्यांना नंतर. तरीही लोकांनी रेडिओ सोडला नाही.

बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या पिढीतली मी. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये सवड असते. गोलंदाज चालत मागे जातो तेवढ्यात हवा, खेळपट्टी, एखादी जुनी आठवण, सगळं सांगून होतं. कॉलेज बास्केटबॉलमध्ये आज चेंडू हातात आला की ३० सेकंदांत बास्केटकडे फेकावाच लागतो, आणि त्या ३० सेकंदांत तो चार-पाच हातांतून फिरून आलेला असतो. चेंडू कुणाकडे, मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात, समोर कोण आडवा आला, गुण किती, वेळ किती उरला, हे सगळं ऐकणाऱ्याला जागच्या जागी मिळालं पाहिजे. केंटकी विद्यापीठाचे कॉवुड लेडफर्ड तर सामना सुरू होताना सांगत, की आपला संघ तुमच्या रेडिओच्या डायलवर डावीकडून उजवीकडे जाईल. एवढ्या एका वाक्यानं स्वयंपाकघरात बसलेल्या बाईच्या डोळ्यांपुढे मैदान मांडलं जाई. आवाज कितीही खर्जातला असला तरी हे सांगायचं राहिलं तर ऐकणारा आंधळा राहतो.

आम्ही रुग्णाला एक चित्र दाखवून ‘यात काय चाललंय ते सांगा’ असं म्हणतो. तो वस्तू ओळखतो, तिचं नाव शोधतो, क्रियापद जोडतो, वाक्य लावतो. निरोगी माणूसही यात एखाद-दोनदा अडखळतो. समालोचक हेच काम दोन-अडीच तास करतो, आणि त्याचं चित्र एक क्षणही थांबत नाही. आमच्या परीक्षेतला सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे नेमकं नाव वेळेवर आठवणं. तेच नाव त्याला धावता धावता उच्चारायचं असतं.

कॉलेजच्या खेळात ही नावं दरवर्षी बदलतात, हे आपल्या लेखात आलंच नाही. व्यावसायिक संघातला मोठा खेळाडू दहा-दहा वर्षं राहतो. इथं चार वर्षांत मुलगा पदवी घेऊन निघून जातो, आणि आता दुसऱ्या विद्यापीठात जाणं सोपं झाल्यापासून वर्षभरातही जातो. अमेरिकी फुटबॉलच्या कॉलेज संघात शंभराहून अधिक नावं असतात. त्यात एकाच संघातल्या दोघांच्या पाठीवर एकच नंबर चालतो, फक्त दोघं एका वेळी मैदानात नकोत. म्हणजे नुसता नंबर वाचून भागत नाही. आक्रमण चालू आहे की बचाव, हे मनात धरून मगच नाव घ्यायचं. त्यासाठी समालोचक आठवडाभर बसून पुठ्ठ्यावर तक्ता करतो. त्याला इथं स्पॉटिंग बोर्ड म्हणतात. कोणत्या जागेवर पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण, नंबर, उंची, गाव, वर्ष, मागच्या सामन्यातली कामगिरी, सगळं रंगीत शाईनं बारीक अक्षरात. शेजारी दुर्बीण घेऊन बसलेला साथीदार त्या तक्त्यावर बोट ठेवतो, की अडवणारा हा होता. दुसरा आकडे लिहून पुढे सरकवतो. अनोळखी नावाचा उच्चार कसा करायचा हे चांगला समालोचक आधी विचारून ठेवतो, शक्यतो त्या मुलालाच. त्या मुलाची आजी कुठेतरी रेडिओला कान लावून बसलेली असते, आणि आपल्या नातवाचं नाव बरोबर ऐकणं हा तिचा हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला तर आवाजाचा प्रश्नच नव्हता. नोव्हेंबर १९२१ मध्ये टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या दोन विद्यापीठांतला फुटबॉल सामना ए अँड एमच्या रेडिओ केंद्रावरून मोर्स कोडच्या टिकटिकीत प्रसारित झाला. खेळातल्या प्रत्येक चालीसाठी संक्षेप ठरवून त्यांची यादी आधीच तयार केलेली होती. एका अर्थी तोही समालोचकाचा तक्ताच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन यांनी पिट म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठ विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया सामना बोलून सांगितला होता. रेड बार्बर हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. ते १९३० मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या रेडिओवर पहिल्यांदा बोलले ते न आलेल्या प्राध्यापकाच्या जागी, आणि वाचला तो गायींच्या प्रसूतीवरचा निबंध. पुढे बेसबॉल सांगताना ते समोर अंडी उकडण्याचं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू खाली आली की गुण सांगायचे. रेडिओ आत्ताच लावलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, ही त्यामागची जाण.

आणि भारदस्त आवाज म्हणाल तर जॉर्जिया विद्यापीठाचे लॅरी मन्सन आठवा. १९६६ ते २००८ त्यांनी तिथला फुटबॉल सांगितला. आवाज खरखरीत, घशात खडे अडकल्यासारखा. १९८० मध्ये जॅक्सनव्हिलला फ्लोरिडाविरुद्ध हरायची वेळ आली असताना बक बेलूनं लिंडसे स्कॉटकडे चेंडू फेकला आणि स्कॉट ९३ यार्डांची चाल पुरी करून पार गेला. मन्सन ‘पळ लिंडसे’ म्हणून ओरडत होते, आणि मग त्याच दमात त्यांनी सांगितलं की माझी खुर्ची मोडली, लोखंडी खुर्ची होती, वर पाच इंचांची गादी होती. ते वर्णन जॉर्जियात लोकांना आजही तोंडपाठ आहे. मन्सन आपल्या संघाला उघड ‘आपण’ म्हणत. मला स्वतःला डरहम यांचा संयम जास्त भावतो, पण मन्सन यांचं प्रेम खोटं होतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जो स्टार्की यांचं २० नोव्हेंबर १९८२ चं वर्णन तर मी शिकाऊ थेरपिस्ट मुलींना अनेकदा ऐकवलं. स्टॅनफर्डविरुद्ध चार सेकंद उरलेली, चेंडू पाच वेळा हातोहात मागे दिला गेला, आणि सामना संपला समजून स्टॅनफर्डचा बँड वाद्यांसकट मैदानात घुसला. खेळ चालू आहे की थांबला, हे पंचांनाही एकत्र येऊन ठरवावं लागलं. अशा वेळी स्टार्की क्रम सोडत नाहीत. चेंडू याच्याकडे, त्याच्याकडे, बँड मैदानात आला आहे, आणि निकाल नक्की नाही हेसुद्धा ते ऐकणाऱ्याला सांगतात. जे दिसतं ते सांगायचं, आणि जे ठरलेलं नाही ते ठरल्यासारखं सांगायचं नाही. निकाल २५-२० असा कॅलिफोर्नियाच्या बाजूनं लागला.

आता डरहम यांच्याविषयी, कारण हे पत्र लिहायला मला त्यांनीच भाग पाडलं आहे. २०१६ मध्ये त्यांनी चाहत्यांना खुलं पत्र लिहून कळवलं, की आपल्याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया झाला आहे. अफेजिया म्हणजे वाचाघात. पक्षाघातानं येतो तो एका दिवसात येतो आणि पुढे थोडाफार सुधारतो. हा तसा नाही. यात मेंदूतला भाषेचा भाग हळूहळू झिजत जातो, आणि ती झीज थांबवणारं औषध अजून नाही. पहिली काही वर्षं आठवण, माणसांची ओळख, रोजचे व्यवहार बऱ्यापैकी शाबूत असतात, फक्त शब्द हाती लागत नाहीत. डॉ. मार्सेल मेसुलाम यांनी १९८२ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्सला, पहिल्या वर्षात शिकणाऱ्या मायकल जॉर्डनच्या फेकीवर नॉर्थ कॅरोलायनानं जॉर्जटाउनला ६३-६२ असं हरवलं होतं, आणि तो सामना रेडिओवर डरहम यांनी सांगितला होता. मार्च २०१८ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी ते गेले. मी त्यांच्यावर कधी उपचार केले नाहीत, मला त्या घरातलं काही माहीत नाही. पण हा आजार मी जवळून पाहिला आहे. यात घसा तसाच राहतो, आवाज तसाच राहतो, आणि सांगण्याचं काम मात्र होत नाही. चाळीस वर्षं जे काम त्यांनी केलं ते कशाच्या बळावर चालत होतं, हे याहून स्पष्ट मी सांगू शकत नाही.

सामना अटीतटीला आला की डरहम म्हणत, ‘तुम्ही जिथं जाऊन बसता तिथं जाऊन बसा, आणि जे करता ते करा.’ ज्याचे त्याचे शकुन ज्यानं त्यानं पाळावेत, असा अर्थ. वाचाघातात ठरीव, पाठ झालेली वाक्यं पुष्कळदा टिकून राहतात. प्रार्थना, अंक, गाणी तशी. पक्षाघातानं बायकोचं नाव हरवलेले एक गृहस्थ हे वाक्य मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर म्हणत. आम्ही तिथूनच कामाला सुरुवात केली.

‘संधी भरपूर’बद्दल थोडक्यात. एका विद्यापीठाचा आवाज एकच असतो आणि तो जागा सोडत नाही. लेडफर्ड १९५३ ते १९९२, स्टार्की १९७५ ते २०२२, कॅन्ससचे मॅक्स फाल्कनस्टीन तर १९४६ ते २००६, साठ वर्षं माइकसमोर, १९८४ नंतर मुख्य समालोचकाचे जोडीदार म्हणून. जागा पिढीतून एकदा रिकामी होते. तिथवर पोचणारा माणूस आधी लहान गावच्या केंद्रावर हायस्कूलचे सामने सांगतो, खालच्या स्तरावरच्या बेसबॉल संघाबरोबर बसनं फिरतो, बहुतेक वेळा केंद्रासाठी जाहिरातीही गोळा करतो. पुष्कळ समालोचकांचा पगार विद्यापीठ देतच नाही; प्रसारणाचे हक्क घेतलेली लर्फील्डसारखी कंपनी देते. नवी वाट आहे ती सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, कुस्ती अशा खेळांच्या ऑनलाइन प्रक्षेपणाची, कारण ती प्रक्षेपणं कितीतरी विद्यापीठांत विद्यार्थीच चालवतात. मुलींनी तिथं जरूर जावं. पॅम वॉर्ड यांनी २००० मध्ये ईएसपीएनवर कॉलेज फुटबॉल सांगितला, लिसा बायिंग्टन २०२१ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत धावतं समालोचन करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. विद्यापीठाच्या मुख्य रेडिओ आवाजाच्या खुर्चीत मात्र अजून बहुतेक पुरुषच आहेत, आणि मला ते खटकतं.

तेव्हा एक विनंती. लेखाच्या चौकटीत आपण आवाज कमावण्याच्या वर्गांची माहिती दिली होती. पुढच्या अंकात तिच्या जागी विद्यार्थी जिथं हे काम शिकतात त्या कॉलेज रेडिओंची नावं द्यावीत: सिरॅक्यूजचं डब्ल्यूएईआर, जिथून बॉब कॉस्टस आणि माइक टिरिको निघाले, आणि फोर्डहॅमचं डब्ल्यूएफयूव्ही, जिथून विन स्कली निघाले. इथं शिकायला येणारी पुष्कळ मराठी मुलं अशाच विद्यापीठांत असतात. आणि घरबसल्या करायचं असेल तर कुठलाही सामना आवाज बंद करून लावा, फोनवर स्वतःचं समालोचन ध्वनिमुद्रित करा, दुसऱ्या दिवशी चित्र न पाहता ऐका. चेंडू कुठं आहे ते कळतंय का, आणि गुण शेवटचे कधी सांगितले, एवढंच तपासा. हा व्यायाम मी माझ्या रुग्णांकडून करून घेत असे. त्याला फी लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली एक जुनी वाचक,
कॅरी, नॉर्थ कॅरोलायना