शकुंतलेसाठी राबलेल्या अनामिकांचे आभार

अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही आपली शकुंतला रेल्वे पुन्हा धावावी म्हणून निवेदनं, धरणं, सह्या सुरूच आहेत. फोटोत आम्ही चार-दोन जण दिसतो. खरं काम दुसऱ्यांनीच केलं.

ऐन कापूसवेचणीत सह्यांचे कागद वावरावावरांत फिरवणाऱ्या बायांनो, तुमचे आभार. धरण्यावर झुणका-भाकर पोचवून नावही न सांगता निघून गेलेल्या मावशी, तुमचेही. आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या त्या काकांचे तर खासच. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत इथं कसं चाललं, अडीच फुटी रुळांवर गाडीचा वेग का वाढत नाही, कापसासाठी टाकलेली ही लाइन दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्ह्याच्या गोरगरिबांची कशी झाली, हे त्यांनी पोरांना बसवून समजावलं. म्हणून तर आमची पोरं जुन्या आठवणींत अडकली नाहीत, ब्रॉडगेजची, म्हणजे रुंद रुळांच्या लाइनची, मागणी मुद्देसूद मांडू लागली. (आठवणींवर गाडी सुटत नसते, हे काकांचंच म्हणणं.)

झेरॉक्सवाले दादा, पुढचं निवेदन घेऊन येतोच आहोत. या वेळी पैसे मात्र घ्या.