ठोके मोजा, पण ते काहून वाढले तेही बघा

मा. संपादक,

हाताला हृदयाचे ठोके अन् घाम मोजणारा पट्टा बांधून पोरांचं वर्गातलं लक्ष अन् टेन्शन मोजायच्या गोष्टी आता आपल्या इकडेही ऐकू यायला लागल्या म्हणून लिहितोय. मी धारणी तालुक्यात शिकवतो, माझ्या वर्गातली बहुतेक पोरं घरी कोरकू ही आदिवासी भाषा बोलतात आणि पुस्तकं मराठीत.

मोजायला माझा विरोध नाही, उलट मला त्यात लय रस आहे. १९६६ साली कानेमन आणि बीटी या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की माणूस जेवढे जास्त आकडे डोक्यात धरून ठेवतो तेवढी त्याच्या डोळ्याची बाहुली मोठी होते. कोरकू पोरगं मराठी धडा वाचताना कोणत्या शब्दाला अडतं, नजर कुठून मागं फिरते, हे असं डोळ्यांवरून कळलं तर आम्हाला शिकवायला केवढी मदत होईल, कारण ते तोंडानं सांगत नाही, खाली मान घालून गप उभं राहतं अन् आपण म्हणतो अभ्यास केला नाही.

पण तळहाताला घाम काहून आला, ठोके काहून वाढले हे मशीन सांगत नाही. भीतीनं वाढतात, आनंदानंही वाढतात, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली नुसतं बसलं तरी वाढतात. पोरगं लांबून पायी आलं असेल, अंगात रक्त कमी असेल तरी तेच. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे टेन्शन मोजायला बघतात ते हार्मोन, तर सकाळी उठल्यावर जास्त असतं अन् मग दिवसभर उतरत जातं, मग सकाळची शाळा अन् दुपारची शाळा एका मापात कशी बसवणार? शहरातल्या एसी खोलीतले आकडे इथं लावून उद्या कोणी म्हणेल की आदिवासी पोरांचं लक्षच नसतं, आणि असा शिक्का एकदा बसला की निघत नाही.

चीनच्या झेजियांग प्रांतात एका प्राथमिक शाळेनं पोरांच्या डोक्याला मेंदूच्या लहरी मोजणारे पट्टे लावले होते, २०१९ मध्ये लोक भडकले तेव्हा ते थांबवावे लागले. युरोपियन युनियनच्या देशांत फेब्रुवारी २०२५ पासून शाळेत एआयनं भावना ओळखायला बंदी आहे, वैद्यकीय अन् सुरक्षेचं कारण असेल तरच सूट.

ज्यांना अभ्यास करायचा त्यांनी जरूर यावं, पण आईबापाला आधी कोरकूत समजावून विचारा, पोरगं नको म्हणालं तर पट्टा काढा, ठोक्यांसोबत खोलीचं तापमान लिहा, आणि त्याच पोराला कोरकूत गोष्ट सांगायला लावून तेव्हाचंही मोजा. आम्हा मास्तरांनाही बांधा पट्टा, एका खोलीत दोन-तीन वर्ग सांभाळताना काय होतं ते दिसू द्या. फक्त यातला एकही आकडा पोराच्या प्रगतीपुस्तकात जाणार नाही हे शिक्षण विभागानं आधी लेखी द्यावं.

– एक शिक्षक, ता. धारणी, जि. अमरावती