मन हाही विज्ञानकथेचा विषय आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत विज्ञानकथा असली की मी आधी ती वाचते. पण एक गोष्ट फार दिवस खटकते आहे. यानाचं वर्णन दोन-दोन रकाने चालतं आणि त्या यानातून वीस वर्षांनी घरी परतलेल्या माणसाला काय वाटलं, ते एका ओळीत उरकलेलं असतं. मला नेमकं तेच वाचायचं असतं.

माझ्या सासूबाईंना अखेरच्या दोन वर्षांत स्मृतिभ्रंश झाला. तेव्हा आम्ही पंचवटीत राहत होतो. एका सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाहेर कोण येऊन बसलाय गं? दिसतो अगदी दादासारखा, पण आपला दादा नव्हे तो." बाहेर माझे यजमान चहा पीत बसले होते, त्यांचा थोरला मुलगा. समजावून थकलो. शेवटी हे गच्चीवर गेले आणि तिथून घरच्या फोनवर फोन केला. आवाज ऐकताच सासूबाईंचा चेहरा उजळला. "अरे दादा, कुठे आहेस? जेवलास का? लवकर ये, घरात परका माणूस शिरलाय."

त्यानंतर त्या घाबरल्या की हे मुकाट्याने गच्चीवर जात.

डॉक्टरांनी या अवस्थेला कॅपग्रास सिंड्रोम म्हणतात असं सांगितलं. जोसेफ कॅपग्रास या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १९२३ मध्ये तिची नोंद केली. तिचं एक स्पष्टीकरण असं : मेंदू चेहरा ओळखतो, पण तो चेहरा पाहून जी माया दाटून यायला हवी, तिची वाट तुटलेली असते. माया वाटत नाही, म्हणजे हा तोतया, असा निष्कर्ष मन काढतं. आवाजाची वाट वेगळी, ती शाबूत राहू शकते.

त्यावर मी एक कथा लिहिली. हुबेहूब मुलाच्या आवाजात बोलणारं यंत्र घरात येतं, आई त्या यंत्राला आपलं मानते आणि समोर उभ्या मुलाला घराबाहेर काढते. एका दिवाळी अंकाकडून ती परत आली. शेरा होता, "यात विज्ञान कुठे आहे?" मला तो शेरा अजून पटलेला नाही. कृष्णविवर हे विज्ञान असेल, तर आईने पोटच्या मुलाला परका म्हणणं हेही विज्ञानच आहे, आणि ते आमच्या घरात घडलेलं आहे.

२०२१ मध्ये आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांकडे होतं. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, तरी विज्ञानकथेला मिळालेल्या त्या मानाचा मला फार आनंद झाला होता. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली पहिली कथा टोपणनावाने पाठवली होती. नाव झाकून कथा पारखण्याची ती रीत मला आवडते.

माझी विनंती एवढीच : पुरवणीत वर्षातून दोन-तीन कथा तरी मेंदू आणि मन यांवरच्या घ्या. आणि छापण्याआधी त्या एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला वाचायला द्या. वेड लागलेला शास्त्रज्ञ आणि शेवटी 'हा सगळा भास होता' असल्या कथा नकोत. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना त्या फार लागतात.

माझी कथा पुन्हा लिहून काढते आहे. पाठवू का, ते कळवावे.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक